पेण-रोह्याची गाडी: उशीर नेमका कुठून सुरू होतो?

पेणच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, "गाडी उशिरा का येते?" उत्तर तयार असतं. कुणी म्हणेल, "रेल्वेला आमची काय पडलीय?" कुणी म्हणेल, "कोकणातल्या एक्सप्रेस पुढे काढतात आणि आम्हाला साइडला टाकतात." तिसरा म्हणेल, "आपले पुढारीच थंड, दुसरं काय!"

तिन्ही उत्तरांत थोडंफार तथ्य आहे, पण यातलं एकही उत्तर संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षात माझीही हीच गल्लत झाली होती. "अमुक सेवा वाईट का आहे?" असा विषय घेऊन बसलं की आपण नकळत तक्रारपत्र लिहायला लागतो. तक्रारपत्राला काही कमी किंमत नाही, पण त्याला पदवी मिळत नाही. म्हणून आज एक सराव करू. पेण-रोह्याच्या गाडीची तक्रार घ्यायची आणि तिचं इतिहासाच्या प्रश्नात रूपांतर करायचं. या महिन्यात कुणी प्रस्ताव लिहीत असेल, तर त्याला याचा थेट उपयोग होईल.

आधी दोन शब्द वेगळे करू

"गाड्या कमी आहेत" आणि "गाडीचा भरवसा नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बोलताना आपण त्या एकत्र करतो, संशोधनात तसं करून चालत नाही.

दिवसातून चारच गाड्या असतील पण त्या मिनिटाला मिनिट धरून येत असतील, तर माणूस आपला दिवस त्यांच्याभोवती बांधतो. नोकरीची वेळ, मुलांची शाळा, दूध घालायची वेळ, सगळं जुळवून घेतो. गाड्या आठ असल्या आणि कुठली कधी येईल याचा नेम नसला, तर तोच माणूस एक गाडी आधीची पकडतो. म्हणजे रोजचा तास-दीड तास तो राखीव ठेवतो. हा तास कुठल्याच हिशेबात येत नाही. तिकिटावर तो छापलेला नसतो आणि रेल्वेच्या आकडेवारीतही दिसत नाही. पण पनवेलला किंवा ठाण्याला नोकरी घ्यायची की नाही, मुलीला तिकडच्या कॉलेजात घालायचं की नाही, हे या न दिसणाऱ्या तासावरच ठरतं.

म्हणून माझा प्रश्न असा: पेण आणि रोह्याच्या वाट्याला ही अनिश्चितता कोणत्या निर्णयांमुळे आली, आणि ते निर्णय कुणाला डोळ्यांसमोर ठेवून घेतले गेले?

तीस किलोमीटर आणि एकशे तीस वर्षं

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत पोचले होते. नकाशा काढून बघा. खोपोली ते पेण हे अंतर जेमतेम तीस किलोमीटर आहे. पण पेणच्या पुढे रोह्यापर्यंत रेल्वे सुरू व्हायला १९८६ साल उजाडलं. तीस किलोमीटरच्या फरकाला एकशे तीस वर्षं लागली!

का? सोपं उत्तर "कोकणाकडे दुर्लक्ष". ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. खोपोलीला रूळ गेले ते खोपोलीसाठी गेलेच नव्हते. ते बोरघाटाच्या पायथ्याशी गेले होते, कारण घाटावरचा कापूस आणि माल मुंबई बंदरात आणायचा होता. पेण-रोह्याचा माल तर आधीच मुंबईला पोचत होता, तोही स्वस्तात, खाडीतून. भात, मीठ, लाकूड पडावांत आणि मचव्यांत भरून जायचं. माणसं धरमतर किंवा रेवसला जाऊन आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायची. खाडी असताना रूळ कशाला टाकायचे, असा त्या काळचा हिशेब होता.

हा हिशेब पैशांचा होता, प्रवाशांच्या जिवाचा नव्हता. खाडीचा प्रवास भरती-ओहोटीवर चालायचा आणि पावसाळ्यात तो धोक्याचा व्हायचा. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून त्याचं नाव रायगड झालं) त्या दिवसाची आठवण आजही घराघरांत निघते.

इथे नवीन संशोधकाने एक सापळा ओळखायला हवा. "रामदास बुडाली म्हणून रेल्वेची मागणी झाली" असं वाक्य लिहायचा मोह होतो. तसं म्हणायला कागद लागतो, नाहीतर नुसता कालक्रम हाच कार्यकारणभाव होऊन बसतो. मला रामदासच्या घटनेतून एवढंच म्हणायचं आहे की मुंबईच्या डोळ्यांसमोर, बंदरापलीकडे राहणाऱ्या लोकांचा मुंबईपर्यंतचा प्रवास १९४७ सालीही हवामानाच्या भरवशावर होता. भरवशाचा प्रश्न रेल्वेबरोबर आला नाही. तो आधीपासून होता.

रूळ आले, पण कुणासाठी?

कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनी आहे. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने तिच्यासाठी आयुष्य वेचलं. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते यांनी संसदेत ती लावून धरली. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात स्वतः रेल्वेमंत्री होते. हा सगळा इतिहास 'कोकण रेल्वेची चळवळ' या नावाने आपल्याला माहीत आहे.

पण दिवा ते रोहा हा तुकडा त्या चळवळीच्या कथेत नीट बसत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्याला दिवा-पनवेल मार्ग झाला आणि पुढे तो आपट्यापर्यंत गेला. आता स्टेशनांची नावं वाचा: पनवेल, सोमटणे, रसायनी, आपटा. 'रसायनी' हे नाव गावदेवीवरून आलेलं नाही! १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना तिथे उभा राहिला. पुढची नावं घ्या: जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. पेणहून एक फाटा थळच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्याकडे जातो. नागोठण्याला आयपीसीएलचा पेट्रोरसायन प्रकल्प आला, जो आता रिलायन्सकडे आहे. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे. पेणजवळ डोलवीला पुढे पोलाद कारखाना उभा राहिला.

नकाशावर कारखान्यांना टिंब द्या आणि टिंब जोडा, रेल्वेमार्ग आपोआप तयार होतो. १९८६ ला रोह्यापर्यंत पोचलेली ही लाइन मुख्यतः उद्योगांसाठी होती. पॅसेंजर गाडी तिच्यावर धावली, पण ती मालगाड्यांच्या मधल्या फटीत धावली. एकेरी मार्ग, डिझेल इंजिन, मोजक्या फेऱ्या. रोज अप-डाऊन करणारा माणूस या आराखड्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

थळचा फाटा याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. अलिबागच्या उंबरठ्यापर्यंत रूळ गेलेले आहेत, पण त्यांवरून खत जातं. अलिबागला प्रवासी रेल्वे न्यायची चर्चा कितीतरी निवडणुकांत झाली, आणि अलिबागकर आजही एस.टी.ने किंवा लाँचनेच जातात. म्हणजे रूळ असणं आणि सेवा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत हे वाक्य लिहून ठेवा, पायाभूत सुविधांच्या इतिहासात ते पावलोपावली लागतं.

रोहा: शेवटचं स्टेशन की पहिलं?

१९८६ ते १९९३ या सात वर्षांत रोहा हे टोक होतं. गाडी तिथे येऊन थांबायची आणि परत फिरायची. टोकाच्या स्टेशनाचा एक फायदा असतो. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सुटताना तरी ती वेळेवर असण्याची शक्यता जास्त.

जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री, आणि महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. हे महामंडळ रोह्यापासून पुढे रूळ टाकणार होतं. १९९३ ला रोहा-वीर हा पहिला टप्पा झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर हा संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला.

कोकणासाठी हा सोन्याचा दिवस होता, त्यात वाद नाही. पण पेण-रोह्याच्या दृष्टीने काय झालं ते पाहा. टोकाचं स्टेशन एका रात्रीत मधलं स्टेशन झालं. मडगाव, मंगळूर, केरळच्या गाड्या आता याच ७५ किलोमीटरच्या पनवेल-रोहा पट्ट्यावरून जायला लागल्या. कोकण रेल्वेला कर्ज फेडायचं होतं, त्यामुळे लांब पल्ल्याची वाहतूक आणि माल हाच तिचा आधार होता. रोह्याच्या पुढच्याच कोलाड स्टेशनावरून १९९९ पासून ट्रक रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, तीही याच गणितातून.

आणि हद्द? रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे. गाडी दक्षिणेत उशिरा झाली तरी तिचा परिणाम मध्य रेल्वेच्या हद्दीतल्या पेणच्या प्रवाशावर होतो. दाद मात्र त्याने कुणाकडे मागायची? उशीर एका हद्दीत तयार होतो आणि दुसऱ्या हद्दीत भोगला जातो. प्रशासनाचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी अशा सीमारेषा म्हणजे खाणच असते.

गाडी उशिरा होते म्हणजे नेमकं काय होतं?

इथे थोडं तांत्रिक समजून घ्यावं लागेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याचा कंटाळा येतो, पण यंत्रणा कशी चालते हे कळल्याशिवाय कागद वाचता येत नाही.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. समजा, हमरापूरला आपली रोह्याकडे जाणारी पॅसेंजर आणि मुंबईकडे येणारी एक्सप्रेस यांचं क्रॉसिंग ठरलंय. एक्सप्रेस वीस मिनिटं उशिरा आहे. आता नियंत्रकासमोर दोन पर्याय असतात. पॅसेंजरला हमरापूरला वीस मिनिटं उभी करायची, किंवा तिला पेणपर्यंत पुढे सोडून क्रॉसिंग तिथे घ्यायचं. दुसऱ्या पर्यायात एक्सप्रेसला आणखी थांबावं लागू शकतं. एक्सप्रेसला अग्रक्रम असतो, त्यामुळे बहुतेक वेळा पहिला पर्याय निवडला जातो. त्या वीस मिनिटांमुळे पॅसेंजरचं पुढचं क्रॉसिंग हुकतं, ते हुकलं की त्याच्या पुढचं. वीस मिनिटांची चाळीस कशी होतात ते इथे कळतं.

दुहेरी मार्ग झाला की क्रॉसिंगची अडचण जाते. पनवेल-पेण-रोहा पट्ट्याचं दुहेरीकरण २०१०च्या दशकात झालं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा-वीर हा कोकण रेल्वेचा पहिला टप्पाही दुहेरी झाला. मग उशीर का संपला नाही? कारण दुसरी अडचण तशीच राहिली, ती म्हणजे ओव्हरटेक. दर सात-आठ किलोमीटरला थांबणारी गाडी, थेट जाणारी एक्सप्रेस आणि जड मालगाडी, या तिघी एकाच रुळावर एकाच दिशेला धावत असतील तर मागची वेगवान गाडी पुढे काढायला संथ गाडीला बाजूच्या लूपवर घ्यावंच लागतं. "आम्हाला साइडला टाकतात" ही फलाटावरची तक्रार शब्दशः खरी आहे.

तिसरी अडचण दिव्याची. कोकणाकडून आलेली गाडी मुंबईकडे जायची तर तिला दिव्याला मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गात शिरावं लागतं. तिथे लोकल काही मिनिटांच्या अंतराने धावत असतात. त्यांच्यामधली ठरलेली फट चुकली की पुढची मिळेपर्यंत थांबायचं. दिवा स्वतःच किती ताणाखाली आहे हे २ जानेवारी २०१५ ला सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ओव्हरहेड वायरच्या एका बिघाडानंतर तिथे प्रवाशांचा उद्रेक झाला, दगडफेक झाली आणि मध्य रेल्वेची वाहतूक कित्येक तास बंद पडली. रोह्याहून येणाऱ्या पॅसेंजर गाड्या दिव्यालाच थांबवण्यामागे हे गणित आहे. दिव्याला उतरायचं आणि तिथल्या गर्दीत लोकल पकडायची.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. प्रत्येक उशीर हा गलथानपणा नसतो. ४ मे २०१४ ला दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोह्याच्या दरम्यान रुळांवरून घसरली. सुमारे वीस माणसं मेली, शंभरहून अधिक जखमी झाली. त्या पट्ट्यातून रोज जाणाऱ्या लोकांना हे सांगायची गरज नाही. रुळांच्या दुरुस्तीसाठी घेतलेला ब्लॉक, वेगावर घातलेली मर्यादा यांनीही गाडी उशिरा होते, आणि तो उशीर हवाच असतो. म्हणून "सरासरी उशीर इतका" एवढ्याने भागत नाही, उशिराचे प्रकार पाडावे लागतात.

लोकलची हद्द कुणी आखली?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येऊ. लोकल पनवेलला संपते. हार्बर मार्ग १९९२ ला वाशीला आणि १९९८ ला पनवेलला पोचला. पुढे पेणला जाते ती मेमू किंवा लांबची गाडी.

पेण लांब आहे म्हणून लोकल जात नाही, असं आपल्याला वाटतं. अंतरं मोजा. सीएसएमटीपासून कसारा सुमारे १२० किलोमीटर, खोपोली सुमारे ११५. दोन्हीकडे लोकल जाते. चर्चगेटपासून डहाणू रोड १२० किलोमीटरच्या पुढे आहे, तिथे २०१३ ला लोकल गेली. आणि पेण? दिवामार्गे धरलं तरी साधारण १०४ किलोमीटर. म्हणजे अंतर हा निकष नाहीच! कसारा आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या मुख्य मार्गावर. पेण विसाव्या शतकात, कारखान्यांच्या मार्गावर आलं. लोकलची हद्द हा रेल्वेच्या बांधणीच्या क्रमाचा ठसा आहे, शहराच्या आजच्या गरजेचा नाही.

शहराच्या नकाशात मात्र पेण आत आलेलं आहे. मुंबई महानगर प्रदेशात पेण तालुक्याचा काही भाग पूर्वीपासून होता, आणि २०१९ च्या विस्तारात उरलेला भागही घेतला गेला. रोहा त्या रेषेबाहेर राहिलं. एकाच गाडीच्या एका टोकाला लोकलचं जाळं, मधलं पेण महानगरात पण लोकलविना, आणि दुसरं टोक महानगराबाहेर. नियोजनाचे तीन नकाशे एकमेकांवर ठेवले की त्यांच्या रेषा कुठेच जुळत नाहीत, आणि रोजचा प्रवासी नेमका त्या न जुळणाऱ्या जागेत उभा असतो.

या वर्गवारीचा थेट परिणाम खिशावरही होतो. कोविडमध्ये मार्च २०२० ला गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू होताना देशभरातल्या साध्या पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' किंवा एक्सप्रेस म्हणून धावल्या आणि किमान भाडं १० रुपयांवरून ३० रुपये झालं. ते पुन्हा खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. गाडी तीच, डबे तेच, थांबे जवळपास तेच, फक्त पाटी बदलली. लोकलच्या प्रवाशाला याची झळ बसली नाही, कारण तो वेगळ्या रकान्यात होता. रकाने कोण आखतं, हा प्रश्न म्हणूनच कोरडा नाही.

उशीर मोजतो कोण?

संशोधनात पुढचा प्रश्न मोजमापाचा येतो. मेल-एक्सप्रेस गाड्यांचा वक्तशीरपणा आपल्याकडे मुख्यतः गाडी शेवटच्या स्टेशनात किती वाजता पोचली यावर ठरतो, आणि त्यात १५ मिनिटांपर्यंतची सूट धरतात. 'कॅग'नेही आपल्या अहवालात यावर बोट ठेवलं आहे. शिवाय वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात जास्तीची मिनिटं पेरलेली असतात. त्यामुळे मधल्या पाच स्टेशनांवर अर्धा तास उशिरा आलेली गाडी शेवटी 'वेळेवर' ठरू शकते.

आकडा खोटा नसतो. तो फक्त फलाटावरच्या माणसाच्या बाजूने मोजलेला नसतो. कासू किंवा निडीला चढणाऱ्या बाईच्या दृष्टीने मोजलं तर तोच दिवस वेगळा दिसेल. तुमचा विषय रेल्वे नसला तरी हे लागू पडतं. पीक आणेवारी असो, शाळेतली हजेरी असो की रुग्णालयातले बेड, आकडा वापरण्याआधी तो कुठे उभं राहून मोजला हे विचारा.

सुधारतं कशाने?

याचं उत्तर इतिहासात थोडंफार सापडतं. टोकियोत १९६०च्या दशकात असाच गुंता होता. उपनगरी गाड्या, लांबच्या गाड्या आणि माल, सगळं एकाच रुळांवर. तिथल्या राष्ट्रीय रेल्वेने शहराबाहेर जाणाऱ्या पाच मुख्य दिशांना जादा मार्ग टाकून उपनगरी वाहतूक वेगळी करायची मोहीम हाती घेतली. तोकाइदो आणि योकोसुका या मार्गांची फारकत व्हायला १९८० साल उजाडलं. पंधराएक वर्षं आणि प्रचंड पैसा लागला. पण सूत्र स्पष्ट होतं: कर्मचाऱ्यांना दम देऊन भरवसा येत नाही, वेगवेगळ्या वेगाच्या गाड्यांना वेगवेगळी वाट दिली की येतो.

मुंबईतही हाच धडा गिरवला जातोय. १९९९ ला मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून एमयूटीपीची कामं सुरू झाली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. लोकल आणि लांबच्या गाड्या वेगळ्या करणं हाच तिचा हेतू. पनवेलच्या बाजूला एमयूटीपी-३ मध्ये पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आला. पनवेल-पेण-रोहा मात्र त्या यादीत नाही.

तरी पेण-रोह्याला काहीच मिळालं नाही असंही म्हणता येत नाही. पनवेल-पेण विद्युतीकरणानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये पेणपर्यंत मेमू आली आणि पुढे रोह्यापर्यंत गेली. डिझेल इंजिनाच्या पॅसेंजरपेक्षा मेमू थांब्यावरून लवकर वेग घेते, दर सात-आठ किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आणि इथे माझ्याच मांडणीला मला आव्हान द्यावं लागतं. दुहेरीकरण आणि वीज ही दोन्ही कामं झाली ती या पट्ट्यावरून कोकण रेल्वेची वाहतूक जाते म्हणून. रोहा टोकाचं स्टेशनच राहिलं असतं, तर चार पॅसेंजरसाठी कुणी दुसरा रूळ टाकला असता का? मला शंका आहे. ज्या वाहतुकीमुळे पेणची गाडी साइडला पडते, त्याच वाहतुकीमुळे पेणला दुसरा रूळ मिळाला. 'कोकण रेल्वेने आमचं नुकसान केलं' आणि 'कोकण रेल्वेने आमचं भलं केलं' ही दोन्ही वाक्यं एकाच प्रकरणात लिहावी लागतात. मार्गदर्शक "तुमची भूमिका काय?" असं विचारतात, तेव्हा अशी अडचण टाळायची नसते. भूमिका तिथूनच तयार होते.

तुमच्यासाठी काम

हा विषय कुणाला पुढे न्यायचा असेल, तर सुरुवात चार प्रकारच्या कागदांपासून करा. एक, कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर, १८८३ चं आणि १९६४ चं, शेजारी ठेवून दळणवळणाची प्रकरणं वाचा. दोन, जुनी रेल्वे वेळापत्रकं. दहा-दहा वर्षांच्या अंतराने घेतली की फेऱ्या आणि लागणारा वेळ दोन्ही कळतात. तीन, रेल्वे अर्थसंकल्पाची भाषणं. २०१६ पर्यंत तो स्वतंत्र मांडला जायचा, त्यामुळे शोधायला सोपं पडतं. चार, लोकसभेतले प्रश्नोत्तरांचे तास. मंत्र्यांची उत्तरं गुळमुळीत असली तरी खासदाराने कोणत्या साली कोणती मागणी केली ते पक्कं कळतं.

यानंतर मुलाखती. त्या आधी घेऊ नका. वेळापत्रक हातात असेल तर "तेव्हा गाडी वेळेवर यायची हो" असं कुणी सांगितल्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो: "कुठली गाडी? सकाळची की दुपारची? तेव्हा क्रॉसिंग कुठे लागायचं?" माणसं अशा प्रश्नांना आनंदाने उत्तरं देतात, कारण आपल्या रोजच्या त्रासाचा तपशील कुणीतरी मनावर घेतलाय हे त्यांना जाणवतं.

आणि प्रस्तावात पहिलं वाक्य "पेण-रोहा रेल्वेसेवा अत्यंत बेभरवशाची आहे" असं लिहू नका. त्याऐवजी असं लिहून बघा: "उद्योगांसाठी बांधलेल्या आणि नंतर आंतरराज्य मार्गाचा भाग झालेल्या एका रेल्वेपट्ट्यावर रोजच्या प्रवाशाचं स्थान १९८६ नंतर कसकसं बदलत गेलं?" वाक्य जरा जड आहे, मान्य. पण याला उत्तर आहे, ते कागदांत सापडतं, आणि ते चुकीचं ठरू शकतं. संशोधनाच्या प्रश्नाकडून आणखी काय हवं?

फलाटावरचा माणूस विचारतो तो प्रश्न मात्र विसरू नका. तीस किलोमीटरला एकशे तीस वर्षं लागली तेव्हाही कुणीतरी धरमतरच्या धक्क्यावर भरतीची वाट बघत उभं होतंच. भरतीची वेळ निदान आधी कळायची.